पडद्यामागे राहिलेला बर्नार्ड हर्मन

चित्रपट-संगीतकाराची कीर्ती बहुधा तीन-चार चित्रपटांच्या बळावर उभी असते. बर्नार्ड हर्मन हे नाव उच्चारले की जगभरच्या चित्रपटरसिकांना 'सायको'मधील स्नानगृहाचा प्रसंग आठवतो आणि त्यासोबत व्हायोलिनच्या त्या कर्कश किंचाळ्याही. त्याहून थोडे अधिक जाणणारे 'व्हर्टिगो'तील भोवऱ्यासारख्या फिरत राहणाऱ्या सुरांचा किंवा 'टॅक्सी ड्रायव्हर'मधील उदास सॅक्सोफोनचा उल्लेख करतात. ही कीर्ती रास्तच आहे. परंतु २९ जून १९११ रोजी न्यूयॉर्कमध्ये जन्मलेल्या या संगीतकाराने नभोवाणी, चित्रपट आणि दूरचित्रवाणी यांसाठी चार दशके अखंड लेखन केले. त्यातला मोठा भाग प्रथम ऐकवला गेला तेव्हा कानांवरून गेला आणि विसरला गेला. काही संगीत पंचवीस मिनिटांच्या मालिकाभागांसाठी लिहिलेले होते, काही न चाललेल्या चित्रपटांसाठी, तर काही प्रेक्षकांपर्यंत पोहोचण्याआधीच रद्द झाले.

या बाजूला पडलेल्या संगीताकडे वळण्याचे कारण केवळ दुर्मिळतेची हौस हे नाही. मोठ्या चित्रपटात संगीताला नामवंत नट, गाजलेला दिग्दर्शक आणि आपल्या मनात घट्ट बसलेली दृश्ये यांची साथ असते. त्या झगमगाटात संगीतकाराचे स्वतःचे निर्णय वेगळे काढणे कठीण जाते. छोट्या कामात वेळ कमी, पैसा कमी आणि वादक मोजके. तिथे संगीतकाराने काय घेतले आणि काय टाळले हे स्पष्ट ऐकू येते. हर्मनची कारागिरी समजून घ्यायची असेल तर हीच वाट सोयीची आहे.

नभोवाणीची शाळा

१९३४ मध्ये हर्मन सीबीएस या अमेरिकी नभोवाणी संस्थेत दाखल झाला. तिथल्या 'कोलंबिया वर्कशॉप' या प्रयोगशील नाट्यमालिकेसाठी आणि पुढे ऑर्सन वेल्सच्या नभोनाट्यांसाठी त्याने संगीत दिले. ३० ऑक्टोबर १९३८ रोजी मंगळावरील आक्रमकांच्या बातमीने श्रोत्यांची झोप उडवणारे 'वॉर ऑफ द वर्ल्ड्स' प्रसारित झाले, त्या रात्री वाद्यवृंदाचे संचालन हर्मनच करीत होता.

नभोनाट्यात दृश्य नसते. एका प्रसंगातून दुसऱ्या प्रसंगात जाताना काळ बदलला, स्थळ बदलले, माणसाचे मन बदलले, हे सारे काही सेकंदांच्या संगीतखंडाने सांगावे लागते. तिथे लांबलचक धून उपयोगाची नसते. दोन-तीन सुरांचा तुकडा आणि नेमके वाद्य एवढ्यावर काम भागवावे लागते. हर्मनची पुढची सारी शैली या गरजेतून घडली. पूर्ण धून एकदा सुरू झाली की ती आपल्या चालीने संपण्याचा हट्ट धरते, प्रसंगासाठी थांबत नाही, असा त्याचा आक्षेप होता. लहानसा स्वरसमूह मात्र हवा तिथे तोडता येतो, पुन्हा जोडता येतो, वाद्य बदलून त्याचा अर्थ पालटता येतो.

१९४१ च्या 'सिटिझन केन'मध्ये नाश्त्याच्या टेबलाचा प्रसंग आहे. नायक आणि त्याची पत्नी यांच्या संसारातील दुरावा काही क्षणांच्या तुकड्यांतून दाखवला आहे. हर्मनने तिथे एक साधे वॉल्ट्झ घेतले आणि प्रत्येक तुकड्यासाठी त्याचे रूप बदलले. आरंभीची लाडिक लय शेवटी थंड आणि कोरडी होते. ही युक्ती नभोवाणीत शिकलेल्या माणसाची आहे.

आणखी एक गोष्ट इथे लक्षात घ्यायला हवी. हॉलिवूडमध्ये संगीतकाराने आराखडा लिहायचा आणि वाद्यवृंदासाठी त्याचा विस्तार दुसऱ्या जाणकाराने करायचा, अशी कामाची विभागणी रूढ होती. हर्मनला ती मान्य नव्हती. कोणता सूर कोणत्या वाद्याने वाजवायचा, हाच त्याच्या मते संगीतरचनेचा गाभा होता. त्यामुळे तो प्रत्येक ओळ स्वतः लिहीत असे.

पंचवीस मिनिटांचे विश्व

१९५९ मध्ये 'द ट्वायलाइट झोन' ही अद्भुत कथांची मालिका अमेरिकी दूरचित्रवाणीवर सुरू झाली. आज सर्वांच्या तोंडी असलेली तिची शीर्षकधून मारियस कॉन्स्टंट या संगीतकाराची असून ती दुसऱ्या वर्षापासून वापरली गेली. पहिल्या वर्षीची गूढ, संथ धून हर्मनची होती. याखेरीज त्याने मालिकेच्या सात भागांसाठी स्वतंत्र संगीत लिहिले. भाग सुमारे पंचवीस मिनिटांचा, त्यात संगीताचा वाटा त्याहून कमी. तरीही प्रत्येक भागासाठी त्याने वाद्यांचा वेगळा मेळ बांधला.

३० ऑक्टोबर १९५९ रोजी दाखवल्या गेलेल्या 'वॉकिंग डिस्टन्स'मध्ये कामाच्या धबडग्याने थकलेला मध्यमवयीन जाहिरात अधिकारी आपल्या गावाकडे चालत जातो आणि तिथे त्याला स्वतःचे बालपण जसेच्या तसे नांदताना दिसते. आईवडील तरुण आहेत, तो स्वतः लहान मुलगा आहे, मात्र या जगात मोठ्या झालेल्या त्याला जागा नाही. हर्मनने इथे केवळ तंतुवाद्ये आणि हार्प वापरले. चमत्काराची कथा असूनही संगीतात चमत्कार कुठे नाही. तंतुवाद्यांचे संथ, आवरून धरलेले तुकडे एकमेकांवर रेलत पुढे सरकतात. ओढ आहे पण पोहोचणे नाही, ही कथेतील वेदना संगीताच्या घडणीतच उतरली आहे. हर्मनच्या अनेक अभ्यासकांनी या छोट्या रचनेला त्याच्या उत्तम कामात स्थान दिले आहे. ती ऐकल्यावर हा मान अतिशयोक्त वाटत नाही.

१९६२ च्या 'लिटिल गर्ल लॉस्ट'मध्ये एक लहान मुलगी पलंगाखालून भिंतीपलीकडच्या कुठल्याशा अज्ञात मितीत घरंगळते. तिचा आवाज ऐकू येतो, ती दिसत नाही. इथे चार बासऱ्या, चार हार्प, तालवाद्ये आणि व्हायोला द'अमोरे हे जुन्या घडणीचे तंतुवाद्य एवढाच मेळ आहे. खालच्या पट्टीतल्या बासऱ्यांचा पोकळ श्वास आणि हार्पचे विरघळणारे स्वर यांमुळे भिंतीपलीकडचा अवकाश डोळ्यांपेक्षा कानांना आधी जाणवतो. १९६३ च्या 'लिव्हिंग डॉल'मध्ये सावत्र बापाला धमकावणारी बोलकी बाहुली आहे. तिथे खेळण्यातल्या घंटांसारखा नाजूक वाजणारा सेलेस्टा, हार्प आणि त्यांच्याखाली घोगऱ्या स्वराचा बास क्लॅरिनेट आहे. खेळण्याचा निरागसपणा आणि त्याच्या आत दबा धरून बसलेला दुष्टावा ही दोन टोके एवढ्या वाद्यांत सामावली आहेत.

या संगीताचे पुढे काय झाले, हेही पाहण्यासारखे आहे. सीबीएसने त्यातले तुकडे आपल्या संगीतसंग्रहात ठेवले आणि गरजेप्रमाणे इतर भागांना जोडले. बालपणाच्या ओढीसाठी लिहिलेला तुकडा भलत्याच कथेखाली वाजू लागला. व्यवहाराच्या दृष्टीने ते सोयीचे होते, पण एका कथेसाठी बेतलेले संगीत असे सुटे झाल्यावर त्याचा मूळ हेतू हरवतो. १९९९ मध्ये जोएल मॅकनीली या संचालकाने या भागांच्या संगीताचे नव्याने ध्वनिमुद्रण केले, तेव्हा ते पुन्हा सलग ऐकता आले.

न गाजलेले चित्रपट

छोट्या कामात दिसणारी ही काटकसर आणि वाद्यांची पारख हर्मनच्या कमी परिचित चित्रपटांतही आढळते. निकोलस रे दिग्दर्शित 'ऑन डेंजरस ग्राउंड' हा १९५१ चा चित्रपट आहे. शहरातला संतापी पोलीस बर्फाळ डोंगराळ भागात एका खुन्याच्या मागावर जातो आणि तिथे त्याला एक अंध स्त्री भेटते. पाठलागासाठी हर्मनने शिकारीच्या शिंगांची आठवण देणाऱ्या फ्रेंच हॉर्नचा ताफा उभा केला आहे. अंध स्त्रीसाठी मात्र पुन्हा तेच व्हायोला द'अमोरे येते. या वाद्यात वाजवायच्या तारांखाली सतारीच्या तरफांसारख्या आपोआप झंकारणाऱ्या तारा असतात. त्यामुळे त्याच्या स्वराला धूसर वलय लाभते. ते वाजवणाऱ्या व्हर्जिनिया मॅजेव्स्की यांचे नाव चित्रपटाच्या श्रेयनामावलीत झळकले. वादक सहसा अनामच राहत असलेल्या काळात ही गोष्ट विरळा होती.

त्याआधीच्या १९४५ च्या 'हँगओव्हर स्क्वेअर'मध्ये नायक स्वतः संगीतकार आहे आणि भान हरपले की तो खून करतो. चित्रपटाच्या अखेरीस तो आपली पियानो-रचना सादर करतो. ती हर्मनने आधी संपूर्ण लिहिली. तिचे स्वर चित्रपटभर विखुरलेले ऐकू येतात आणि शेवटी एकत्र येतात. किशोरवयीन स्टीफन सॉन्डहाइमवर हा चित्रपट पाहून एवढा परिणाम झाला की पुढे १९७९ मध्ये रंगमंचावर आलेल्या त्याच्या 'स्वीनी टॉड' या संगीतनाट्यामागील प्रेरणांत त्याने हर्मनच्या संगीताचा उल्लेख केला. विस्मृतीत गेलेले संगीतही असे दुसऱ्याच्या हातून पुढे चालत राहते.

नाकारलेले संगीत

हर्मन आणि आल्फ्रेड हिचकॉक यांची जोडी १९५५ च्या 'द ट्रबल विथ हॅरी'पासून जमली. 'सायको'च्या वेळी स्नानगृहातील खुनाच्या प्रसंगाला संगीत नको, असे हिचकॉकने सांगितले होते. हर्मनने तरीही ते लिहिले. हिचकॉकने ऐकले आणि आपले मत बदलले. चित्रपटसंगीताच्या इतिहासातील सर्वांत ओळखीचे स्वर एका मोडलेल्या सूचनेतून जन्माला आले.

सहा वर्षांनी १९६६ मध्ये 'टॉर्न कर्टन'च्या वेळी तसाच प्रसंग पुन्हा आला. शीतयुद्धाच्या पार्श्वभूमीवरील या चित्रपटात नायकाला एका शेतघरात पाळतीवरच्या माणसाला ठार करावे लागते. माणूस मारणे किती कष्टाचे आणि किळसवाणे असते हे हिचकॉकला दाखवायचे होते. या प्रसंगाला संगीत नको, अशीच त्याची सूचना होती. निर्मितिसंस्थेला तर काळाला साजेसे, खपणारे, हलके संगीत हवे होते. हर्मनने याच्या नेमके उलट केले. त्याने वाद्यवृंदातून व्हायोलिन आणि व्हायोला काढून टाकले. बारा बासऱ्या, सोळा फ्रेंच हॉर्न, नऊ ट्रॉम्बोन, दोन ट्यूबा, आठ चेलो, आठ डबल बास आणि टिंपनीचे दोन संच असा अवाढव्य आणि काळोखी मेळ त्याने मांडला. खुनाच्या प्रसंगासाठीही त्याने संगीत लिहिले.

या वेळी हिचकॉकने ऐकले आणि ध्वनिमुद्रण थांबवले. नवे संगीत जॉन ॲडिसनकडून करून घेण्यात आले. खुनाचा प्रसंग अखेर संगीताविनाच पडद्यावर आला. हर्मन आणि हिचकॉक यांनी त्यानंतर कधीही एकत्र काम केले नाही.

यात सारा दोष दिग्दर्शकाचा असे मानणे सोपे आहे, पण न्याय्य नाही. शेतघरातील तो प्रसंग आज पाहिला तर त्यातील शांतता अंगावर येते. धापा, भांड्यांचा आवाज आणि फरफट यांखेरीज काहीही ऐकू येत नाही. हिचकॉकचा अंदाज तिथे चुकीचा नव्हता. पण हर्मनचे संगीत ऐकले की दुसराच चित्रपट डोळ्यांपुढे उभा राहतो. तो अधिक जड, अधिक निर्दय आणि सुरुवातीपासून संकटाच्या छायेत असलेला आहे. नाकारलेल्या संगीताचे मोल इथे आहे. होऊ शकला असता पण झाला नाही, अशा चित्रपटाचा तो एकमेव पुरावा आहे.

कागद उरला म्हणून

हे संगीत आज ऐकता येते, कारण त्याचे कागद उरले. १९७७ मध्ये एल्मर बर्नस्टाइन या संगीतकाराने 'टॉर्न कर्टन'चे नाकारलेले संगीत नव्याने वाजवून ध्वनिमुद्रिकेवर आणले. १९९१ मध्ये मार्टिन स्कॉर्सेसीने 'केप फिअर'ची नवी आवृत्ती काढली, तेव्हा बर्नस्टाइननेच १९६२ च्या मूळ 'केप फिअर'मधील हर्मनचे संगीत त्यासाठी बेतले आणि त्यात 'टॉर्न कर्टन'चे काही खंडही घातले. पंचवीस वर्षांपूर्वी कपाटात गेलेले सूर असे चित्रपटगृहात प्रथमच घुमले. रचनाकार मात्र तोवर हयात नव्हता.

याहून हृद्य कथा 'द मॅग्निफिसंट अँबरसन्स' या १९४२ च्या चित्रपटाची आहे. दिग्दर्शक ऑर्सन वेल्स ब्राझीलमध्ये असताना आरकेओ या निर्मितिसंस्थेने चित्रपटाची चाळीसहून अधिक मिनिटे कापली आणि शेवट बदलला. हर्मनच्या संगीतालाही कात्री लागली आणि काही ठिकाणी दुसऱ्याचे संगीत बसवले गेले. संतापलेल्या हर्मनने श्रेयनामावलीतून आपले नाव काढायला लावले. कापलेली दृश्ये नष्ट झाली आणि ती आजवर सापडलेली नाहीत. संगीताची लिखिते मात्र शिल्लक होती. त्यांवरून पुढे सारे संगीत वाजवून ध्वनिमुद्रित केले गेले. जी दृश्ये आता कुणालाही पाहता येणार नाहीत, त्यांचे संगीत आज ऐकता येते.

मूळ ध्वनिफितीच प्रसिद्ध का झाल्या नाहीत, असा प्रश्न पडेल. एक तर पार्श्वसंगीताला स्वतंत्र ग्राहक असतो, हे निर्मितिसंस्थांना फार उशिरा पटले. दुसरे म्हणजे अमेरिकेत चित्रपटासाठी वाजवलेले संगीत तबकडीवर काढायचे तर वादकांच्या संघटनेच्या नियमांनुसार वादकांना पुन्हा मानधन द्यावे लागे. अल्प खपाच्या मुद्रिकेला हा खर्च झेपत नसे. म्हणून अनेकदा मूळ लिखितांवरून युरोपातल्या वाद्यवृंदाकडून नवे ध्वनिमुद्रण करून घेणे परवडे. 'फॅरेनहाइट ४५१' या १९६६ च्या चित्रपटाचे संपूर्ण संगीत २००७ मध्ये अशाच रीतीने मॉस्कोतील वाद्यवृंदाने वाजवलेले प्रसिद्ध झाले. हर्मनची हस्तलिखिते कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा येथील ग्रंथालयात जतन केलेली आहेत. या साऱ्या पुनरुज्जीवनाचा पाया असे जपलेले कागदच आहेत.

कसे ऐकावे?

असे संगीत ऐकण्याची रीत गाणे ऐकण्याहून निराळी आहे. गाण्यात आपण चाल शोधतो आणि ती गुणगुणतो. हर्मनच्या संगीतात चालीचा शोध घेतला तर निराशा पदरी पडेल. प्रथम मूळ भाग किंवा चित्रपट पाहावा. दुसऱ्यांदा पाहताना संगीत नेमके कुठे सुरू होते आणि कुठे थांबते, एवढ्याकडेच लक्ष द्यावे. पात्र बोलू लागल्यावर, की बोलणे संपल्यावर? दार उघडण्याआधी, की नंतर? तिसऱ्यांदा कोणती वाद्ये नाहीत, ते पाहावे. 'सायको'त तंतुवाद्यांखेरीज काही नाही, 'टॉर्न कर्टन'मध्ये व्हायोलिन नाही. ही अनुपस्थिती विचारपूर्वक ठरवलेली आहे. यानंतर स्वतंत्र ध्वनिमुद्रिका ऐकली तर वरवर एकसुरी वाटणारी पुनरावृत्ती अर्थपूर्ण वाटू लागते.

अर्थात, दुर्मिळ ते सारे थोर, असा समज करून घेऊ नये. हर्मनने १९६३ ते १९६५ या काळात हिचकॉकच्या तासाभराच्या दूरचित्रवाणी मालिकेच्या सतरा भागांना संगीत दिले. असे ठरलेल्या मुदतीत पुरे करायचे काम सर्वत्र सारख्याच तेजाचे नसते. पण सामान्य कामातही त्याची वाद्यांची निवड सहसा आळशी नसते, आणि त्याची खरी पातळी कळते ती इथे.

आपल्याकडचे मौन

मराठी वाचकाच्या मनात एव्हाना आपल्या संगीतकारांचा विचार आला असेल. आपल्याकडे तबकडी निघाली ती गाण्यांची. पार्श्वसंगीत चित्रपटाच्या ध्वनिपट्टीतच राहिले. सॅबेस्टियन डिसूझा, अँथनी गोन्साल्विस यांच्यासारख्या गोव्याच्या संगीत संयोजकांनी मुंबईच्या स्टुडिओंत वाद्यवृंदासाठी पानेच्या पाने लिहिली, पण असे कागद जपून ठेवण्याची रीत आपल्याकडे रुजली नाही. गाणी नसलेल्या चित्रपटांच्या बाबतीत तर संगीतकाराचे काम ऐकायला चित्रपटाखेरीज दुसरे ठिकाण नाही. १९६० च्या 'कानून'मधील सलिल चौधरींचे आणि १९७३ च्या 'अचानक'मधील वसंत देसाई यांचे संगीत या प्रकारातले आहे.

'श्यामची आई', 'झनक झनक पायल बाजे', 'दो आँखें बारह हाथ' आणि 'गुड्डी' यांच्या गीतांमुळे वसंत देसाई आपल्या स्मरणात आहेत. 'अचानक'चे नाव त्या यादीत क्वचितच घेतले जाते. २२ डिसेंबर १९७५ रोजी मुंबईत उद्वाहनाच्या अपघातात त्यांचे निधन झाले. त्यानंतर दोनच दिवसांनी, २४ डिसेंबरच्या पहाटे, 'टॅक्सी ड्रायव्हर'चे ध्वनिमुद्रण आदल्या दिवशी संपवून झोपी गेलेला हर्मन लॉस एंजेलिसमध्ये झोपेतच वारला. एकाच्या मागे ग्रंथालयात लावून ठेवलेली हस्तलिखिते राहिली. दुसऱ्याच्या पार्श्वसंगीतापर्यंत पोहोचण्यासाठी चित्रपटाची प्रत एवढीच वाट उरली आहे. ती प्रत आज पाहता येते, तोवर 'अचानक' पुन्हा एकदा लावावा आणि संगीत कुठे सुरू होते, कुठे थांबते, ते टिपून ठेवावे.